गच्चीवर ओढण्यास सक्त मनाई

जगाचा इतिहास फुंकणाऱ्यांनी लिहिला आहे. शंख फुंकणारे, तुताऱ्या फुंकणारे, कान फुंकणारे आणि निवडणुकीच्या आधी रणशिंग फुंकणारे, हे सगळे छातीतली हवा बाहेर टाकून मोठे झाले. हवा आत ओढणाऱ्यांच्या वाट्याला इतिहासाने एक ओळही ठेवलेली नाही. आणि माणसाच्या मनातलं जे जे खोल आणि अबोल, ते सगळं तर आत ओढलेल्या श्वासातच असतं. हा सिद्धान्त मला नेरूळला, आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत सुचला. पुढेही काही सुचलं असतं, पण त्या वेळी माझ्या मिशीचे डावीकडचे केस माउथ ऑर्गनच्या पत्र्यात अडकले होते आणि शेजारचे कासिमभाई ते नखं कापायच्या कात्रीने सोडवत होते.

"हलू नका, कृष्णातराव," ते म्हणाले. "निम्मी मिशी जाईल."

"निम्मी राहण्यापेक्षा सगळीच काढा."

"मग वहिनी आल्यावर वळखणार कशा तुमाला?"

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला. मी मात्र त्यावर बराच वेळ विचार केला, कारण वहिनी, म्हणजे आमची शालन, येणार कधी हेच मुळात कोणाला माहीत नव्हतं.

ती दिवाळीनंतर बेळगावला गेली, मुलीच्या बाळंतपणाला. प्रियदर्शिनीला मुलगा झाला, तेव्हा ठरलं की बारसं झालं की येईन. बारसं झालं, तेव्हा बाळाला सर्दी झाली होती. सर्दी गेली, तेव्हा डोस द्यायचा राहिला होता. डोस दिला, तेव्हा त्याचा ताप आला. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन कासिमभाईंच्या घरी यायचा, कारण आमचा फोन अजून वेटिंग लिस्टमध्येच होता, आणि दर रविवारी ती विचारायची, "अजून थोडं राहिले तर चालेल ना?" मी म्हणायचो, "चालेल. मला काय, मी मजेत आहे."

मजेत म्हणजे काय ते सांगतो. शालन कुकरच्या शिट्ट्या मोठ्याने मोजते. बाहेरच्या खोलीत पेपर वाचताना मला "दोन झाल्या हं" असं ऐकू यायचं आणि मला आपोआप भूक लागायची. ती गेल्यावर मला कळलं की इतकी वर्षं मी शिट्ट्या ऐकतच नव्हतो, मोजणी ऐकत होतो. आता कुकर बिचारा शिट्ट्या मारायचा आणि माझा हिशेब लागायचा नाही. डाळ एक तर टणक राहायची, नाही तर डाळ होती हे सांगावं लागायचं. सांगायचं कोणाला, हा पुन्हा वेगळा मुद्दा.

माउथ ऑर्गन मी नातवासाठी घेतला होता. वाशीच्या दुकानात खुळखुळे होते, पण खुळखुळ्याने मुलाच्या बुद्धीला चालना मिळत नाही असं माझं मत पडलं. फोनवर सांगितलं तेव्हा शालन म्हणाली, "त्याला अजून मान धरता येत नाही. ते तुमच्याकडेच राहू दे." म्हणून राहिलं. आणि एका संध्याकाळी, काहीच करायचं नव्हतं म्हणून, मी गॅलरीत उभा राहून त्यात फुंकर घातली.

मधल्या जाळीपलीकडून कासिमभाईंचं डोकं बाहेर आलं. हे मूळचे श्रीवर्धनकडचे. सगळी नोकरी मालवाहू बोटींवर, रेडिओ ऑफिसर म्हणून. जगातलं असं बंदर नाही जिथे त्यांची बोट बिघडली नाही, आणि असा विषय नाही ज्यावर त्यांना तिथे कोणी गुरू भेटला नाही.

"फुंकता काय असे? शंख हाय काय तो?" ते म्हणाले. "बघू. धा भोकांचा. नशीब हाय तुमचं. हा फुंकायचा नसतो, कृष्णातराव. हा ओढायचा."

"ओढायचा?"

"श्वास आत. ह्याला ब्लूज म्हणतात. अमेरिकेत आमची बोट बिघडली तवा गोदीतला एक जण शिकवायचा मला. ब्लू म्हणजे निळा. म्हणजे उदास."

निळा रंग उदास कसा, हे मला पटलं नाही. आमच्या नावातच कृष्ण आहे. निळ्याशी आमचा घरोबा. मराठीत उदासपणाला रंग ठरवून दिलेला नाही. ठरवायचाच झाला तर सरकारी कचेरीच्या भिंतीचा पिवळट ठरवावा, असं मी मांडणार होतो. पण तोवर कासिमभाईंनी बाजा स्वतःच्या तोंडाला लावला आणि चौथ्या भोकातून असा काही सूर आत ओढला की मांडणी राहूनच गेली. तो सूर वर सुरू झाला आणि खाली वाकला. सुटला नाही, तुटला नाही, वाकला.

"कसं केलंत?"

"बशीतून गरम चहा ओढता ना? तोंड पोळू नये म्हणून जीभ मागं घेता? तसंच. आणि एक सांगतो. फुंकून वाजवतो ना, तो माणूस घरी असतो. ओढून वाजवतो, त्याचं घर लांब असतं."

"मी घरीच आहे," मी म्हणालो.

"तर," कासिमभाई म्हणाले, आणि बाजा माझ्या हातात देऊन मगरीबच्या नमाजाला गेले.

मग मी रोज संध्याकाळी गच्चीवर जायला लागलो. वाद्य शिकण्याचं माझं वय निघून गेलं होतं असं कोणी म्हणेल. मी म्हणतो, ते वय मला कधी आलंच नव्हतं. पहिले काही दिवस मी हवेऐवजी लाळ ओढली. पुढे हवा ओढली, पण इतकी की चक्कर आली आणि टाकीला धरून बसावं लागलं. सूर वाकवायला गेलो की तो सरळ मरायचा. मिशीचा प्रसंग सांगितलाच. कासिमभाई पलीकडे कठड्यावर बसून "चहा ओढा, चहा" असं ओरडायचे आणि खालून कोणीतरी "वर चहा चालू आहे का" असं विचारायचं.

आणि एके दिवशी तो सूर वाकला. अर्धवटच, पण वाकला, आणि मी थांबलो. कारण तो सूर मला ओळखीचा होता.

शालनची हाक. स्वयंपाकघरातून येते ती. "अहो" या शब्दात अक्षरं दोनच, पण त्यातला 'अ' वरच्या पट्टीत उभा असतो आणि 'हो' तिथून घसरत, मध्ये जरा अडखळत, जिना उतरल्यासारखा खाली येतो. त्या घसरण्यात सगळं असतं. दूध उतू जातंय, कोथिंबीर सांगितली होती ती आणलेली नाही, आणि तुम्ही आहात ना घरात. लग्न झाल्यापासून मी ही हाक ऐकत आलो आणि "ओ" म्हणून पेपरचं पान उलटत आलो. आता पेपर पूर्ण वाचून व्हायचा. जाहिरातींसकट.

कासिमभाईंना मी काही बोललो नाही. पण त्या दिवसापासून मला ब्लूज नको होतं, अमेरिका नको होती. मला चौथ्या भोकातून ती हाक हवी होती, नीट, तिच्या अडखळण्यासकट.

इथवर सगळं खाजगी होतं. ते सार्वजनिक केलं सारसोळ्याच्या शेवंताबाईंनी. त्या टोपली घेऊन दारोदार म्हावरं विकतात आणि म्हावऱ्याबरोबर बातम्या फुकट देतात. जिन्यात कासिमभाई मला सांगत होते, "काल तुमी जास्त ओढलंत, म्हणून चक्कर आली. आज थोडी थोडी ओढा." शेवंताबाई दोन पायऱ्या खाली होत्या.

"काका," त्या मला म्हणाल्या, "वैनी गावाला गेली त ह्या वयान ओढाला लागलाव?"

मी हसलो. तिथे हसायला नको होतं.

त्या रविवारी फोन आला तेव्हा आधी कासिमभाईंच्या सबिहाभाभी बोलत होत्या. मी सोफ्यावर वाट पाहत बसलो होतो आणि ऐकत होतो. "नाही ग शालन, टेन्शन नको घेऊ," सबिहाभाभी सांगत होत्या. "फक्त संध्याकाळीच ओढतात. घरात नाही, गच्चीवर जातात बिचारे. आमचेच शिकवतात त्यांना."

त्यांनी मला रिसिव्हर दिला, तो हातात येण्याआधीच बोलत होता.

"मी काय ऐकतेय हे?"

"अगं, ते बाजाचं..."

"विडीबाजांचंच म्हणतेय मी. जाऊ दे, मला भांडायला वेळ नाही, बाळ उठलंय. ऐका. प्रियाची रजा संपतेय. मी गणपतीपर्यंत राहिले तर तिला बाई ठेवावी लागणार नाही. जावईही म्हणतायत. राहू का?"

तेव्हा शिमगा तोंडावर आला होता. गणपती आणि शिमगा यांच्यामध्ये किती कुकर लागतात याचा मी अंदाज घेत होतो. सबिहाभाभी माझ्याकडे पाहत होत्या. कासिमभाई पाहत नाही असं दाखवत होते.

"तुझ्यावर आहे," मी म्हणालो.

"माझ्यावर काय आहे? तुम्ही सांगा. पुढच्या रविवारी नक्की सांगा, तिला त्या बाईला हो-नाही कळवायचंय." आणि फोन बंद झाला.

आमच्या पिढीतल्या पुरुषाला बायकोला "ये" म्हणता येत नाही. "चहा आण" म्हणता येतं, "चष्मा कुठे आहे" म्हणता येतं, त्यातच सगळं बसवलेलं असतं. फोनवरून चष्मा मागता येत नाही. मी ठरवलं, सूर नीट बसवायचा आणि पुढच्या रविवारी तो तिला ऐकवायचा. पुढचं तिचं तिने समजून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी गच्चीला कुलूप होतं आणि खाली फळ्यावर सूचना होती: 'काही ज्येष्ठ सभासद गच्चीवर ओढताना आढळले आहेत. गच्चीवर ओढण्यास सक्त मनाई आहे.' शिकवणारे कासिमभाई सोडले तर इमारतीत ज्येष्ठ सभासद दोन. त्यातले एक नव्वदीचे, ते अंथरुणावरून उठत नाहीत. येणारे-जाणारे फळा वाचायचे आणि माझ्याकडे बघून आदराने बाजूला व्हायचे.

मी सेक्रेटरींकडे अर्ज दिला. कुलदीपराव हे सातारकडचे, मार्केटात बटाट्याचे व्यापारी, माणूस सरळ. त्यांनी कमिटी बोलावली. सभा पार्किंगमध्ये, स्कूटरींच्या मध्ये भरली.

"काका, वयाचा मान ठिवून इचारतो," कुलदीपराव म्हणाले. "इडी का शिगरेट?"

"माउथ ऑर्गन."

"त्यो ओढत्यात व्हय? त्यो तर फुंकत्यात."

"सामान्य लोक फुंकतात. ब्लूजमध्ये ओढतात."

खजिनदारांनी हे इतिवृत्तात 'ब्लाउजमध्ये' असं लिहून घेतलं आणि पुढच्या सभेत ते तसंच कायम झालं. माझ्या नावापुढे ते आजही आहे.

"बरं, मग मला फुंकायची परवानगी द्या," मी समजुतीने म्हणालो.

कुलदीपरावांनी खिशातून नियमांचा कागद काढला आणि दुःखाने वाचला. "न्हाय जमत. 'विडी, सिगारेट ओढणे अथवा फुंकणे.' दोनीबी घातलंय. आधीच्या सेक्रेटरीनं. लई हुशार मानूस."

मराठी भाषेने माझा दोन्ही बाजूंनी रस्ता अडवला होता. श्वास आत घेतला तरी गुन्हा, बाहेर सोडला तरी गुन्हा. शेवटी ठराव झाला की सदर सभासदाने जे काही ओढायचे वा फुंकायचे असेल ते तळमजल्यावरच्या पंपरूममध्ये, मोटर चालू असतानाच करावे, म्हणजे इतरांस उपद्रव होणार नाही. माझ्या कलेची किंमत अशी दोन हॉर्सपॉवर ठरली.

कासिमभाईंना पंपरूम फार आवडली. "आमच्या बोटीची इंजिनरूम अशीच," म्हणाले, आणि बादली उपडी करून बसले. मोटर एकाच सुरात गुणगुणत होती, तंबोऱ्यासारखी. ओल्या भिंती, गंजलेला वास, वर एक बारका दिवा. मी दोन दिवस तिथे ओढत राहिलो. जिभेला फोड आला. तिसऱ्या संध्याकाळी, मी डोळे मिटले, बशीतला चहा आठवला, मग बशी आणून देणारी आठवली, आणि श्वास आत घेतला.

'अ' वर उभा राहिला. 'हो' घसरत, मध्ये जरा अडखळत, खाली आला.

मोटरच्या आवाजातही तो स्वच्छ होता. मी डोळे उघडले. कासिमभाई बादलीवर सरळ बसले होते. "परत," म्हणाले. मी परत ओढला, आणखी लांबवला.

आमच्या इमारतीची रचना अशी की पंपरूमच्या वरून पाइपांचा एक उभा बोळ निघतो आणि तो प्रत्येक मजल्याच्या बाथरूमच्या खिडकीला लागून थेट गच्चीपर्यंत जातो. वेळ संध्याकाळची, पाणी येण्याची. ऑफिसातून आलेले सगळे पुरुष आपापल्या बाथरूममध्ये होते.

पहिल्या मजल्यावरून आवाज आला, "ओ."

दुसऱ्यावरून, "आलो, आलो."

तिसऱ्यावरून, "टॉवेल घेतलाय मी."

चौथ्यावरून कोणीतरी काकुळतीने म्हणालं, "डोळ्यात साबण आहे ग, थांब ना."

मग दारं उघडल्याचे आवाज आले, आणि ओले पुरुष व कोरड्या बायका यांचे संवाद सुरू झाले. कशाला हाक मारलीस. मी कुठे मारली. मग कोणी मारली. हा शेवटचा प्रश्न दोन घरांत फार लांबला.

पंपरूमच्या दारात कुलदीपराव उभे राहिले. कमरेला पंचा, खांद्यावर फेस.

"काका, आमची मंडळी दोन म्हैने झालं माहेरी हाय. वडूजला. आनि मी आत्ता 'आलो' म्हनून सैपाकघरापतुर पळत गेलो. कोन हाय तितं? कोनी न्हाय. ह्ये काय हाय समदं?"

मी बाजा दाखवला. त्यांनी तो पाहिला, उलटा केला, परत दिला. खांद्यावरचा फेस ओघळत होता.

"वाजवा बगू परत," ते हळू म्हणाले. "बारक्यानं."

मी बारक्यानं वाजवला. त्यांनी खांद्यावरचा फेस हाताने पुसला. मग सेक्रेटरी होऊन म्हणाले, "पंपरूमबी बंद. उद्या लेखी दितो."

त्यांनी लेखी द्यायला रविवार उजाडला. आणि संध्याकाळी ते पत्र घेऊन मी जिथे होतो तिथे, म्हणजे कासिमभाईंच्या हॉलमध्ये आले. शेवंताबाई वाटे संपवून टोपली टेकून दारातच बसल्या होत्या, त्यांना पाणी दिलं होतं. सबिहाभाभी फोनजवळ. एवढ्या श्रोत्यांपुढे घंटा वाजली.

"काय ठरलं?" शालन म्हणाली. "काय सांगू प्रियाला?"

"तुला तिथे बरं वाटत असेल तर..."

"मला बरं वाटण्याचं सोडा. तुम्ही अजून ओढताय ना? खरं सांगा."

"ओढतोय."

"अहो, कसली ओढ लागलीय तुम्हाला या वयात?"

या प्रश्नाचं उत्तर मराठीत अगदी लहान आहे, एका शब्दाचं. ते माझ्या तोंडापर्यंत आलं. मग मी समोर पाहिलं. सबिहाभाभी पदराशी चाळा करत होत्या. कुलदीपरावांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला होता. शेवंताबाईंनी पाणी प्यायचं थांबवलं होतं. इतक्या लोकांत तो शब्द उच्चारायचा म्हणजे कमिटीचा ठरावच लागला असता.

मी रिसिव्हर कासिमभाईंच्या हातात दिला. त्यांनी तो माझ्या तोंडासमोर धरला, बोटीवर धरत असतील तसा, दोन्ही हातांनी. मी खिशातून बाजा काढला, पुसला आणि चौथ्या भोकातून तिला तिचीच हाक ऐकवली.

तिकडे काही ऐकू आलं नाही. लाइनची खरखर. लांब कुठेतरी बाळ कुरकुरलं आणि थांबलं.

"लाइन गेली वाटतं," शेवंताबाई म्हणाल्या.

"गप बसा," कुलदीपराव म्हणाले.

मी पुन्हा ओढला. या वेळी श्वास पुरला नाही, त्यामुळे 'हो' मधेच अडखळला, नेमका जिथे तिचा अडखळतो तिथे. मी रिसिव्हर कानाला लावला.

"ओ," शालन म्हणाली.

इतक्या वर्षांत हा शब्द तिने कधी म्हटला नव्हता. तो माझ्याकडे होता. माझ्या मनात पुन्हा इतिहास, श्वास, मनुष्यजात असं बरंच काही उसळून आलं आणि मी बोलायला तोंड उघडलं.

"ऐका," ती म्हणाली. "प्रियाला मी बाई ठेवायला सांगितलंय. परवा सकाळी बस मला हायवेवर शिरवण्याला सोडेल. न्यायला याल ना, तेव्हा थोडी सुतळी घेऊन या. काल भरतानाच बॅगेची चेन तुटली. सध्या परकराची नाडी बांधलीय, पण रस्त्यावर चारचौघांत बरं दिसणार नाही."